वाचवलेला एक टक्का

रायपूरमधल्या एका गल्लीतले घरांचे भाव आमच्या कुटुंबाने वाढवले. हे काम आम्ही कोणताही मोबदला न घेता, स्वतःच्या पेट्रोलने आणि दोन रविवारांत पार पाडले.

राज्य नवीन झाले होते तेव्हाची ही गोष्ट. रायपूर राजधानी झाले आणि शहरातल्या प्रत्येक घरमालकाला आपले घर राजधानीत आहे याची एकदम जाणीव झाली. भोपाळहून साहेब लोक येत होते. त्यांच्यामागून ट्रकने त्यांचे सामान येत होते. त्या सामानाला जागा हवी म्हणून आमच्यासारखे जुने भाडेकरू घराबाहेर पडत होते. तात्यापाऱ्यातले आमचे घरमालक चंद्राकर तसे सज्जन गृहस्थ. त्यांनी एका सकाळी येऊन चहा घेतला, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि उठता उठता म्हणाले, "अक्ती तक देख लीजिए भैया. एक साहब आ रहे हैं."

अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया. देख लीजिए म्हणजे निघा.

चंद्राकरांची आजवर एकच अट होती. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे आमचे भिंतीवरचे घड्याळ फ्रिजवर आडवे असे आणि वेळ पाहायला मान वाकडी करावी लागे. आईच्या वडिलांचा फोटो जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत होता. लग्नानंतरचे सगळे आयुष्य आईने आधी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आणि मग भाड्याच्या घरात काढले होते. "मले एक खिळा ठोकायचा आहे," ती म्हणत असे. "कोनाले न इचारता." तिची मागणी एवढीच होती. ती पूर्ण करायची तर घर विकत घ्यावे लागणार होते, आणि त्यासाठी बाबांचे निवृत्तीचे पैसे बँकेत पडून होते.

बाबा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. गोंदिया ते बिलासपूर या पट्ट्यातला प्रत्येक प्रवासी विनातिकीट आहे असे धरून त्यांनी नोकरी केली. ज्यांच्याकडे तिकीट निघाले त्यांच्याबद्दलही त्यांचे मत फारसे सुधारले नाही. निवृत्तीनंतर हा संशय मोकळा झाला आणि घरभर फिरू लागला. दूधवाला, गॅसवाला, हवामान खाते, कोणीच सुटले नाही.

मी एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्यांतली शंका काढून त्या छापण्याजोग्या करणे हे माझे काम. घरात एक माणूस शंका घालणारा आणि एक काढणारा असल्यामुळे घर शोधायचे काम आमच्या दोघांकडे आले. माझी बायको शुभा शाळेत गणित शिकवते. तिला कोणी विचारले नाही.

पहिले पाऊल मी उचलले. कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सवलतीत आमच्याच पेपरात छोटी जाहिरात दिली : "मकान चाहिए. दलाल क्षमा करें." जाहिरातीला चांगला प्रतिसाद मिळाला. जेवढे लोक आले तेवढे सगळे दलाल होते.

त्यातले पहिले साहू. चौकातच त्यांचा एसटीडी बूथ होता. त्यावर पाटी होती : मकान, प्लॉट, फोटोकॉपी. गोल चेहरा, खिशाला दोन पेने. जाहिरातीचे कात्रण त्यांनी खिशातून काढून टीपॉयवर ठेवले.

"इसमें लिखा है, दलाल क्षमा करें," बाबा म्हणाले.

"हव बाबूजी," साहू म्हणाले. "मैंने क्षमा कर दिया."

बाबांनी त्यांना बसायला सांगितले नाही. ते आधीच बसले होते.

"आपका क्या रहेगा?" मी विचारले.

"एक परसेंट, भैया. रजिस्ट्री के दिन. उसके पहले चाय भी नहीं." हे म्हणताना त्यांनी शुभाने आणलेला चहा उचलला.

"आणि विकणाऱ्याकडून?" बाबा माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाले.

"उधर से भी एक," साहूंनी हिंदीत उत्तर दिले. (तात्यापाऱ्यात मराठी सगळ्यांना कळते. बाबांना हे मान्य नव्हते.)

साहू गेल्यावर बाबांनी चष्मा पुसला. चष्मा पुसणे म्हणजे डबा तपासायला घेणे.

"एका तिकिटावर दोन डब्यांत बसून राहिला हा माणूस," ते म्हणाले. "माह्याकडून बी घेते, त्याच्याकडून बी घेते. मग हा कोनाचा?"

"दोघांचा," शुभा म्हणाली.

"दोघांचा म्हंजे कोनाचाच नाही. आन् आइक. भाव जितका जास्त, तितका त्याचा एक टक्का मोठा. मग तो भाव कमी काहून करंन?"

यात तर्काची चूक नव्हती. मी आजही हा युक्तिवाद कोणाच्याही कॉपीत बिनबदल जाऊ देईन.

"पण बाबा, सौदा झालाच नाही तं त्याले काहीच भेटत नाही," शुभा म्हणाली. "म्हंजे त्याले थोडा कमी भाव चालंन, पण सौदा पाह्यजे. आपल्याले बी तेच पाह्यजे."

"तू गणिताची आहेस," बाबा म्हणाले. "हा माणसाचा विषय आहे."

मग बाबांनी योजना मांडली. साहूबरोबर घरे पाहायची. पसंत पडले तरी चेहरा पडलेला ठेवायचा. रस्ता ध्यानात ठेवायचा. नंतर साहूला वगळून थेट मालकाकडे जायचे. मालकाचाही एक टक्का वाचेल, आपलाही वाचेल, आणि वाचलेले अर्धे तो भावात सोडेल.

"आणि साहू?" मी विचारले.

"त्यानं क्षमा केली आहे नं," बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी साहूंनी आम्हाला मोव्याकडच्या एका कॉलनीत नेले. पुढे त्यांची लूना, मागे आमची स्कूटर, त्यामागे आई आणि शुभाचा ऑटो. सरळ गेलो असतो तर लवकर पोहोचलो असतो. साहूंनी आम्हाला एका तलावाला फेरी मारून, भाजीबाजारातून आणि एका लग्नाच्या मांडवाच्या कडेने नेले. गिऱ्हाइकाला रस्ता सापडू नये म्हणून दलाल असे करतात, हे बाबांनी माझ्या कानात ओरडून सांगितले. ते मागच्या सीटवर उलटे वळून खुणा पाठ करत होते. "रेतीचा ढीग. डाव्या हाताले. मंग खांब. खांबाले म्हैस. म्हशीच्या समोर हिरवं फाटक."

कॉलनीतली घरे जोडघरे होती. दोन घरांत एक भिंत, प्रत्येकाला पुढे व्हरांडा, हिरवे फाटक आणि एक जामाचे, म्हणजे पेरूचे, झाड. साहूंनी कुलूप काढले. घर रिकामे होते. मालक मुलाकडे कोरब्याला राहत होते आणि अधूनमधून इतवारी चक्कर टाकत होते, असे साहू म्हणाले. नाव मात्र सांगेनात.

"नाम बयाने के दिन, बाबूजी."

बाबांनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिले आणि घराचे दोष काढायला सुरुवात केली. नळ पुढे का? मागे असता तर मागे का? खिडकी एवढी मोठी कशाला? चोरासाठी? साहू प्रत्येक दोषाला "हव बाबूजी" म्हणत होते. ते हरकत घेत नव्हते, ही गोष्ट बाबांना सगळ्यात संशयास्पद वाटली.

आई मात्र आतल्या खोलीत एका भिंतीसमोर उभी होती. तिने मूठ वळून भिंतीवर हळूच ठोकून पाहिले. मग दुसऱ्या जागी ठोकले. पुन्हा पहिल्या जागी आली. तिचा चेहरा इतका उजळला होता, की कोणत्याही दलालाने त्यावर भाव वाढवला असता.

बाबा खोकले. पसंती दाखवू नका, असा त्या खोकल्याचा अर्थ आधी ठरला होता.

"पानी देऊ का?" आई म्हणाली.

साहूंनी आकडा सांगितला. तो आमच्या पैशात बसत होता, थोडा घट्ट, पण बसत होता. बाबा म्हणाले, सोच के बताएँगे. परत येताना साहूंनी पुन्हा वेगळाच रस्ता घेतला.

घरी शुभा म्हणाली, "आवडलं आहे नं? मग एक टक्का देऊन टाका आन् घ्या. अक्ती जवळ आली."

"सवाल पैशाचा नाही," बाबा म्हणाले.

"मग?"

"तत्त्वाचा."

शुभा चिडली की हिंदीत बोलते. "तो तत्त्व में रह लेंगे," ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

त्यानंतरच्या रविवारी बाबा आणि मी दोघेच निघालो. स्कूटरवर पुढे पेपराचे लाल स्टिकर होते, बाबांनी प्रेस केलेला शर्ट घातला होता. तलाव सापडला. भाजीबाजार सापडला. लग्न उरकले होते, मांडव गेला होता, पण चुलीची राख शिल्लक होती. कॉलनीत शिरलो आणि पहिली अडचण आली. रेतीचा ढीग नव्हता. त्याची भिंत झाली होती. (नव्या राजधानीत खुणेसाठी रेतीचा ढीग निवडणे ही आमची पहिली चूक. त्या काळात रेती कुठेच आठवडाभर टिकत नव्हती.)

"म्हैस आहे," बाबा म्हणाले.

म्हैस होती. खांबाला बांधलेली होती. समोर हिरवे फाटक होते.

"बाबा, सगळीच फाटकं हिरवी आहेत."

"म्हैस तीच आहे. मी चेहरा इसरत नाही."

व्हरांड्यात एक वयस्कर गृहस्थ खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. पेपर आमचाच होता. बाबांनी माझ्या बरगडीत कोपर मारले. मालक इतवारी चक्कर टाकतात, असे साहूच म्हणाले होते. तेच सापडले.

"आप ही मालिक हैं?" बाबांनी विचारले.

"हव," गृहस्थ म्हणाले.

"घर आपके ही नाम पर है?"

"हव."

"कागज साफ हैं?"

गृहस्थांनी पेपर खाली ठेवला. "साफ हैं. क्यों?"

बाबांनी उत्तर दिले नाही. प्रश्न आपण विचारायचे, ही त्यांची सवय. गृहस्थ उठून आत गेले आणि लोटाभर पाणी घेऊन आले. दारात आलेल्या कोणालाही पाणी देणे ही इथली पद्धत आहे. बाबांनी त्याचा वेगळा अर्थ लावला. "पाह्य," ते पुटपुटले, "गिऱ्हाईक येणार म्हनून तयारीतच आहे."

"अंदर आइए," गृहस्थ म्हणाले.

इथे आम्ही आत गेलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. आत भरलेला संसार होता, नातवाची सायकल होती, शिवणयंत्र होते. मागच्या रविवारचे रिकामे घर हे नव्हे, एवढे आम्हा दोघांनाही कळले असते. पण आत जाणे म्हणजे पसंती दाखवणे.

"अंदर क्या देखना," बाबा म्हणाले. "देखा हुआ है."

"देखा हुआ है?" गृहस्थांच्या आवाजात पहिल्यांदा काळजी आली.

"सब घर एक जैसे होते हैं," बाबांनी सावरले. "आखरी बोलिए."

"आखरी क्या?"

"भाव."

गृहस्थ आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "आप कितना सोच के आए हैं?"

बाबांनी साहूच्या आकड्यापेक्षा बराच खालचा आकडा सांगितला.

गृहस्थ गप्प झाले.

त्यांचे नाव देवांगन. ते निवृत्त शिक्षक, कॉलनीत सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांचे घर विकायला नव्हतेच. ते घर त्यांनी फार पूर्वी इतक्या स्वस्तात घेतले होते, की बाबांनी सांगितलेली रक्कम एका घराची आहे की अख्ख्या ओळीची, याचा ते हिशेब करत होते. हे त्यांनीच मला पुढे सांगितले. त्या वेळी आम्हाला दिसला तो फक्त त्यांचा गप्पपणा.

गप्प राहणे हे बाबांचे नोकरीतले मुख्य हत्यार होते. ते प्रवाशासमोर उभे राहत आणि काही बोलत नसत. तिकीट नसलेला माणूस त्यापुढे टिकत नसे. आपल्यावर कोणी हे हत्यार उगारू शकेल, असे त्यांना कधी वाटले नव्हते. ते पाहता पाहता घामाघूम झाले आणि आकडा वाढवला.

गुरुजी गप्प.

मला वाटले आपणही मदत करावी. "मैं प्रेस में हूँ," मी म्हणालो. विश्वास बसावा म्हणून. गुरुजींनी स्कूटरवरच्या स्टिकरकडे पाहिले, मांडीवरच्या पेपराकडे पाहिले, आणि आणखी खोल गप्प झाले.

बाबांनी आकडा वाढवला.

दाराच्या पडद्यातून गुरुजींच्या पत्नी डोकावल्या. त्यांनी आकडा ऐकला आणि पटकन डोके आत घेतले. "बाई नाही म्हनून राहिली," बाबा माझ्या कानात म्हणाले, आणि पुन्हा वाढवले. आता आम्ही साहूच्या आकड्याच्या पलीकडे होतो. मी त्यांचा शर्ट मागून ओढला. त्यांना वाटले मी वाढवा म्हणतोय.

शेवटी गुरुजींच्या घशातून आवाज निघाला. "सोचने दीजिए," ते म्हणाले. "अगले इतवार आइए."

परतताना बाबा खुशीत होते. "कमिशन वाचलं," ते म्हणाले.

"बाबा, साहूच्या भावापेक्षा आपण किती वर गेलो ते पाहा. त्याचे कितीतरी टक्के होतात."

"ते भावात गेलं. कमिशनमधे नाही गेलं." मग माझ्या कानाशी येऊन, "घरी आकडा सांगू नको."

सोमवार गेला, मंगळवार गेला. गुरुजी शिक्षक असल्यामुळे कोणतीही गोष्ट तपासल्याशिवाय मानत नसत. त्यांनी शेजाऱ्यांना विचारले. शेजाऱ्यांनी पलीकडच्यांना विचारले. प्रश्न सोपा होता. पेपरवाला माणूस आपल्या म्हाताऱ्या बापाला घेऊन येतो, घर आतून पाहतही नाही, आणि मालक नको म्हणत नसताना भाव वाढवत राहतो. का? उत्तर एकच संभवत होते. त्याला काहीतरी माहीत आहे. त्या दिवसांत राजधानीच्या नव्या इमारती कुठे होणार यावर शहरात रोज पैजा लागत होत्या. मंगळवारी संध्याकाळपर्यंत गल्लीचे मत झाले की मंत्र्यांचे बंगले मागच्या मोकळ्या जागेवर येणार.

बुधवारी माझ्या टेबलावर शहर वार्ताहर पांडेची कॉपी आली. मोव्याकडच्या कॉलनीत घरांचे भाव अचानक चढले आहेत, काही जाणकार लोक चढ्या दराने चौकशी करत आहेत, मोठी सरकारी योजना येण्याची चर्चा आहे, असा मजकूर होता.

"पक्की है?" मी विचारले.

"एकदम," पांडे म्हणाला. "तीन अलग-अलग लोगों ने बताया."

तीन सूत्रे म्हणजे आमच्या नियमाने पुरेशी होती. जाणकार लोक कोण, असा प्रश्न मला पडला नाही. कॉलनीचे नाव पाहून मी उलट मनातल्या मनात खूश झालो. वेळेवर हात घातला म्हणायचा. "सूत्रों के अनुसार" दोनदा आले होते ते एकदा केले, शीर्षक घट्ट केले आणि बातमी तिसऱ्या पानावर वर लावली.

रविवारी आम्ही उत्तर घ्यायला गेलो. यावेळी आईही आली. गल्लीत शिरलो तर प्रत्येक व्हरांड्यात एक खुर्ची, खुर्चीत एक माणूस, शेजारी पाण्याचा लोटा. एकाने हात करून बोलावले. "भाई साहब, इधर भी देख लीजिए. अंदर आने की जरूरत नहीं."

गुरुजींच्या मांडीवर पेपर होता. तिसरे पान वर होते.

"बेचना तो हमको है ही नहीं," ते नम्रपणे म्हणाले. "पर अब इतने में तो कोई भी नहीं देगा. देखिए, छप गया है." आणि त्यांनी मला माझेच शीर्षक वाचून दाखवले. "आप तो प्रेस में हैं. आपको तो पहले से मालूम था."

बाबा काही बोलणार तोवर आई म्हणाली, "हे घर नाही."

"म्हंजे?"

"मी पाह्यलेलं घर हे नाही. जामाचं झाड त्याचं वाकडं होतं. याचं सरळ आहे. ते पाहा." तिने बाजूच्या बंद फाटकाकडे बोट केले.

"बगल वाला?" गुरुजी म्हणाले. "वो तो बंद रहता है. चाबी साहू के पास है."

सगळ्यांच्या आधी बाबा म्हशीकडे वळले. म्हैस रवंथ करत होती. ती त्या दिवशी तिसऱ्याच खांबाला बांधलेली होती.

सोमवारी सकाळी साहू आले. त्यांनी खिशातून कात्रण काढून टीपॉयवर ठेवले. यावेळचे कात्रण मोठे होते.

"भैया, आपके ही पेपर में है," ते म्हणाले. "कोरबा से मालिक का फोन आया था बूथ पर. वो भी यही पेपर पढ़ते हैं. भाव बढ़ा दिया." त्यांनी नवा आकडा सांगितला. तो आमच्या पैशात बसत नव्हता, कितीही दाबला तरी.

शुभाने चहाचा कप ठेवला. तिने एकही शब्द उच्चारला नाही आणि मला तिच्या प्रत्येक शब्दाचे शुद्धलेखनही ऐकू आले.

"पता नहीं किसने ये आग लगाई," साहू म्हणाले. "कोई बाप-बेटा आए थे बोलते हैं. देवांगन गुरुजी के यहाँ. अपने आप भाव बढ़ाते गए. मैंने इतने साल में ऐसा ग्राहक नहीं देखा. बूढ़े आदमी थे, सफेद शर्ट..." इथे त्यांची नजर दांडीवर वाळत घातलेल्या शर्टावर गेली. मग खिडकीतून बाहेर, स्कूटरच्या स्टिकरवर. त्यांनी चहाचा एक घोट घेतला. त्यांनी वाक्य पूर्ण केले नाही, हे त्यांच्याबद्दल नोंदवले पाहिजे.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. पदराला हात पुसत साहूंसमोर उभी राहिली.

"भैया," ती तिच्या हिंदीत म्हणाली, "मेरे को वो दीवार होना."

बाबा खोकले.

"खोकू नका," आई म्हणाली. "लय खोकलं तुम्ही." मग पुन्हा साहूंना, "अंदर की खोली की. मैंने ठोक के देखी है. अक्ती को हमको यहाँ से निकलना है, भैया. चेहरा पाडून नाही बोलून राहिली मी. मुझे पसंद है."

घरात असे वाक्य पहिल्यांदाच उच्चारले गेले होते. बाबा छताकडे पाहू लागले.

साहूंनी कप खाली ठेवला. "अम्मा, ये बात पहले दिन बोल देते," ते म्हणाले, "तो अभी तक रजिस्ट्री हो जाती."

दुसऱ्या दिवशी ते बसने कोरब्याला गेले. परतले ते आकडा खाली आणूनच. पहिल्या भावाइतका खाली आला नव्हता, पण आमच्या पैशात मी सोसायटीतून काढलेले कर्ज मिळवले की बसत होता.

"कसं काय मानला तो?" मी विचारले.

"सच बोल दिया, भैया. बोला, बंगला-वंगला कुछ नहीं आ रहा. पूरी कॉलोनी में ग्राहक एक ही है, और वो भी गलत घर में गया था."

रजिस्ट्री झाली. कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली मालकाने साहूंना त्यांचा एक टक्का दिला. शुभाने बाबांकडे पाहिले. बाबांनी नाइलाजाने खिशात हात घातला. साहूंनी हात जोडले.

"आपसे नहीं लूँगा, बाबूजी."

बाबांचा हात खिशातच राहिला. "काहून?"

"उस गली के तीन मकान मेरे पास बिकने आए हैं. नए भाव से. इतना काम मैं साल भर में नहीं कर पाता. हिसाब से तो मुझे आपको देना चाहिए."

कोणताही दुसरा माणूस इथे आनंदला असता. ज्या एका टक्क्यासाठी आम्ही हे सगळे केले, तो आपण होऊन सुटत होता. पण बाबांनी चष्मा काढला आणि पुसला.

"दिलीप," ते मला म्हणाले, "हा फुकट काहून करून राहिला? यात काहीतरी आहे."

"बाबा, चला."

"पैसे घेनारा माणूस समजते. नाही घेनारा समजत नाही." आणि ते साहूंच्या मागे निघाले. साहू लूनाकडे, बाबा साहूंकडे. स्टँप विकणारे मान वर करून पाहू लागले. एका म्हाताऱ्याने एका दलालाला पकडून त्याच्या खिशात जबरदस्तीने कमिशन कोंबले, वर पावती मागितली. साहूंकडे दलालीचे पावतीपुस्तक नव्हते. त्यांनी एसटीडी बूथच्या बिलावर लिहून दिले. बाबांनी ती पावती उजेडात धरून, उलटी करून, मगच घडी घातली.

"म्हंजे शेवटी एक टक्का दिलाच," शुभा म्हणाली.

"दिला. पण मी दिला," बाबा म्हणाले. "त्यानं घेतला नाही." आणि हा फरक तिला आजवर समजलेला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. रेतीचा ढीग आणि म्हैस साहूनेच हलवली, असेही त्यांचे म्हणणे आहे.

मला लोक कधीकधी विचारतात, घर घेताना दलाल करावा का, त्याचे पैसे वसूल होतात का. दलाल एक टक्का घेतो हे सगळ्यांना माहीत आहे. दलालाशिवाय घर शोधायला किती लागतात हे मला नेमके माहीत आहे, पण तो आकडा आमच्या घरात उच्चारत नाहीत.

अक्तीच्या सकाळी आम्ही राहायला गेलो. सामान अजून अंगणात होते, पण आईने ट्रंक उघडून वडिलांचा फोटो बाहेर काढला, माझ्या हातातून हातोडी घेतली आणि आतल्या खोलीत गेली. कोणालाही विचारले नाही. पहिल्या दोन ठोक्यांत खिळा वाकला. सरळ करून मारलेल्या तिसऱ्या ठोक्याला नीट बसला. फोटो लावून झाल्यावर ती थोडी मागे सरकली, मान तिरकी करून पाहिले, आणि घड्याळ सरळ भिंतीवर लावायला दुसरा खिळा मागितला.

ती भिंत जोडघराची होती. पलीकडे देवांगन गुरुजी राहत होते. ठोकण्याचा आवाज ऐकून ते कुंपणापाशी आले. हातात पेपर होता.

"भैया," ते हळू आवाजात म्हणाले, "आते ही काम चालू कर दिया? कोई खबर लगी है क्या?"

एव्हाना मी शहाणा झालो होतो. या गल्लीत माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाचे काय होते हे मी पाहिले होते. म्हणून मी काहीच बोललो नाही. नुसता गप्प उभा राहिलो.

गुरुजींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग मान हलवली.

"समझ गया," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गल्लीतला भाव आणखी वाढला होता.